मौन आणि नकार

जालन्यातल्या एका पतसंस्थेचे सर्व्हर सांभाळणे हे माझे काम. मुख्य कार्यालय जुन्या जालन्यात, शाखा अंबड, परतूर आणि मंठ्याला. या कामातला एक भाग असा आहे की तो नीट चालला तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि बिघडला तर सगळे कार्यालय माझ्या टेबलाभोवती जमते. नाव सांगितले की पत्ता शोधून देणारी ही व्यवस्था, म्हणजे डीएनएस. तिच्याविषयी लिहायला बसले आहे ते एका प्रश्नापायी. आमच्या हिशेब विभागातल्या काकांनी तो मला विचारला होता. त्यांचा प्रश्न कळायचा तर आधी ही व्यवस्था कशी चालते ते थोडे सांगावे लागेल.

संगणक एकमेकांना आकड्यांनी ओळखतात, आपण त्यांना नावांनी हाक मारतो. नाव ऐकून आकडा सांगणारा मध्ये कुणीतरी लागतो. सुरुवातीच्या काळात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एकच यादी ठेवलेली असे. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राचे नाव तिच्यात असायचे आणि प्रत्येकाने ती उतरवून घ्यायची. यंत्रे वाढत गेली तशी ती यादी सांभाळणे कठीण झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी वेगळी रीत मांडली, आणि १९८७ मध्ये ज्या दोन दस्तऐवजांत ती पक्की झाली ते आजही या व्यवस्थेचा पाया आहेत. या रीतीचा गाभा मला फार मोलाचा वाटतो. सगळे काही कुणा एकाला माहीत असायची गरज नाही. ज्याच्या हद्दीतले नाव, त्याने ते जाणावे आणि त्याबद्दल त्यानेच बोलावे. बाकीच्यांना एवढे ठाऊक असले की पुरे, की हे कुणाला विचारायचे.

आमच्या सर्व्हरला आमच्या यंत्रांची नावे ठाऊक आहेत. बाहेरचे नाव आले की तो प्रश्न वरच्या एका सर्व्हरकडे पुढे पाठवतो. त्या वरच्याला फॉरवर्डर म्हणतात. वरचा बोललाच नाही तर काय करायचे, याचे दोन पर्याय ‘बाइंड’ या जुन्या आणि सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत आहेत. ‘फॉरवर्ड फर्स्ट’ म्हणजे आधी त्याला विचार. तो बोलला नाही तर स्वतः मुळापासून शोध घे. ‘फॉरवर्ड ओन्ली’ म्हणजे त्यालाच विचार. तो बोलला नाही तर तुझ्याकडेही उत्तर नाही.

माझे वडील, अण्णा, अंबडला संस्कृत शिकवत. हे दोन पर्याय मी त्यांना समजावून सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘अगं बाई, हा तर गुरू करण्याचा प्रश्न झाला.’ आमच्या घरी दासबोध रोज वाचला जाई. त्याच्या पाचव्या दशकात पहिला समास गुरू का हवा यावर, दुसरा गुरू कसा असावा यावर आणि तिसरा शिष्य कसा असावा यावर आहे. शिष्याचीही परीक्षा समर्थांनी घेतली, हे अण्णांना विशेष वाटे. मला त्यांचे म्हणणे पटले. ज्या यंत्राला बाहेर जायची वाटच नाही, ज्याच्यापुढे फायरवॉलचे दार बंद आहे, त्याने ‘ओन्ली’ राहण्यात काहीच गैर नाही. उगाच मुळापर्यंत धाव घेऊन ते फक्त वेळ घालवील. ज्याला वाट मोकळी आहे, त्याने मात्र वरचा गप्प आहे म्हणून स्वतःही गप्प बसावे, हे निष्ठेच्या नावाखाली चाललेले आळसाचे काम आहे.

याने त्याला विचारायचे, त्याने आणखी कुणाला, हे कुठवर चालायचे? न्यायशास्त्रात या दोषाला अनवस्था म्हणतात. डीएनएसमध्ये ती तेरा नावांपाशी थांबते. ए पासून एम पर्यंत तेरा मूळ सर्व्हर. त्यांचे पत्ते कुणाला विचारून मिळवावे लागत नाहीत, ते प्रणालीबरोबरच येतात. प्रश्न विचारायला लागण्याआधी काहीतरी मानूनच चालावे लागते. पण मानलेले तसेच मुठीत धरून ठेवायचे असेही नाही. सर्व्हर सुरू झाला की त्या तेरांपैकी एकाला तो पहिला प्रश्न हाच विचारतो, की आजची यादी कोणती. श्रद्धा आधी, आणि तिची खातरजमा ताबडतोब. श्रद्धेची इतकी निरोगी रीत मला फार ठिकाणी आढळलेली नाही.

शाखा जोडल्या तेव्हा आधीच्या कंत्राटदाराने सद्भावनेने एक गोष्ट केली होती. जालन्याच्या सर्व्हरने अडले तर अंबडला विचारावे, अंबडने परतूरला आणि परतूरने जालन्याला. कुणी एकटे पडू नये, हा हेतू. बाहेरची वाट बंद पडली की एकच प्रश्न तिन्ही गावांत फिरत राही आणि अखेर वेळ संपून मरून जाई. दोघांत असे झाले तर अन्योन्याश्रय, तिघांत झाले तर चक्रक. आपल्या तार्किकांनी या दोषांना नावे देऊन ठेवली आहेत. एकमेकांना विचारत राहणाऱ्यांत एकाला तरी बाहेरून काही कळलेले असावे लागते. नाहीतर संगत कितीही चांगली असो, ज्ञान काही वाढत नाही. ते वर्तुळ मी तोडले आणि तिन्ही सर्व्हरना मुळापर्यंत जाणारी आपापली वाट करून दिली.

आता काकांच्या प्रश्नाकडे यायला हरकत नाही.

आमच्या संगणकांत एक लहानशी फाइल असते. कुणाला विचारायचे त्यांचे पत्ते तिच्यात क्रमाने लिहिलेले असतात, जास्तीत जास्त तीन. पहिल्याला विचारायचे, पाच सेकंद वाट पाहायची, तो बोलला नाही तर दुसऱ्याला. हा क्रम लावणारे बहुतेक लोक समजतात की पहिल्याकडून समाधान झाले नाही तर दुसऱ्याला विचारले जाईल. तसे ते नाही. ज्याला विचारले तो पत्ता देऊ शकतो. तो ‘असे नाव अस्तित्वात नाही’ म्हणू शकतो. ‘मला सांगता येत नाही’ म्हणू शकतो. ‘तुला सांगणार नाही’ म्हणू शकतो. किंवा काहीच बोलत नाही. यातले शेवटचे तीन प्रकार घडले तर संगणक पुढच्याकडे जातो. ‘असे नाव नाही’ हे उत्तर मिळाले तर जात नाही. ते त्याच्या लेखी पूर्ण उत्तर असते आणि शोध तिथे संपतो.

मार्चअखेरची धावपळ चालू होती. काका आले. ‘मॅडम, हिशेबाचा सर्व्हर नाहीच म्हणायलंय.’

‘काका, नाही म्हणायलंय, का बोलायलाच तयार नाही?’

‘दोन्ही एकच की.’

दोन्ही एक नव्हते. त्यांच्या संगणकाच्या यादीत पहिला पत्ता आमच्या सर्व्हरचा होता आणि दुसरा बाहेरच्या एका सार्वजनिक सर्व्हरचा. जास्तीचा आधार असावा म्हणून कंत्राटदाराने तो घातलेला. त्या दिवशी आमचा सर्व्हर कामाच्या ओझ्याखाली मंदावला, पाच सेकंद उलटले आणि संगणकाने बाहेरच्याला विचारले, हिशेबाचे यंत्र कुठे आहे? बाहेरच्याने क्षणात, अगदी खात्रीने सांगितले, असे नाव अस्तित्वात नाही. त्याच्या ज्ञानापुरते ते खरेही होते. आमच्या चार भिंतींआड ठेवलेल्या यंत्राचे नाव त्याला कुठून माहीत असणार? संगणकाने ते ‘नाही’ प्रमाण मानले आणि काही काळ जपूनही ठेवले. यंत्र मात्र काकांच्या पाठीमागच्या खोलीत चालूच होते.

मी बाहेरचा पत्ता यादीतून काढला आणि त्या जागी आमच्याच दुसऱ्या सर्व्हरचा घातला. पहिल्याला जे माहीत तेच त्यालाही माहीत. काकांना सगळे उलगडून सांगितले. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, ‘मग एक सांगा ताई. राजूरचा गणपती मला नाही म्हणाला, का बोललाच नाही?’

काकांचा तरणा मुलगा मूत्रपिंडाच्या आजारात गेला. आजार चालू होता तोवर काका प्रत्येक अंगारकीला जालन्याहून राजूरला पायी जात. भोकरदन तालुक्यातल्या राजुरेश्वराला अंगारकीच्या रात्री पायी जाणाऱ्यांची किती गर्दी असते, ते जालन्याच्या माणसाला सांगायला नको. मुलगा गेल्यावर त्यांनी जाणे बंद केले. कार्यालयात कुणी विषय काढला की म्हणत, ‘देव नाहीच. इतकं विचारलं, नाहीच म्हणायचा.’

मी त्या वेळी काही बोलले नाही. तेव्हापासून मात्र हा प्रश्न मी धरून बसले आहे.

पहिली मदत अण्णांकडून आली, तीही देवाविषयी नव्हे, धर्माविषयी. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत पहिल्या अध्यायाचा तिसरा पाद स्मृतींच्या प्रामाण्यावर आहे. श्रुती आणि स्मृती यांत विरोध आला तर स्मृती बाजूला ठेवायची. विरोध नसेल, श्रुतीत त्याविषयी काहीच सापडत नसेल, तर स्मृतीच्या मागे कधीकाळची श्रुती असावी असे अनुमान करायचे आणि स्मृती मानायची. शबरांच्या भाष्यातली उदाहरणे अण्णा मोठ्या आवडीने सांगत. यज्ञमंडपात औदुंबराचा खांब असतो. एक स्मृती म्हणते, तो सगळा वस्त्राने झाकावा. श्रुती म्हणते, त्याला स्पर्श करून गान करावे. सगळा झाकला तर स्पर्श कसा व्हायचा? तिथे स्मृती गेली. पण तळी खणावीत, पाणपोया घालाव्यात, हे श्रुतीत आढळले नाही तरी स्मृतीवरून मानायचे, कारण तिथे श्रुती काही उलट बोललेली नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यात पाण्यासाठी काय हाल झाले ते ज्यांनी सोसले, त्यांना शबरांचे हे उदाहरण वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

जैमिनीचा हा नियम आणि माझ्या फाइलमधला नियम एकच आहे. वरचा गप्प असेल तरच खालच्याकडे जायचे. वरच्याने उलट सांगितले असेल तर जायचे नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत धर्माची मुळे क्रमाने दिली आहेत: श्रुती, स्मृती, सदाचार, स्वतःच्या मनाला जे योग्य वाटते ते, आणि योग्य संकल्पातून उपजलेली इच्छा. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत तोच कौल दिला, की विरोध आला तर आधीचे बलवान. या मांडणीत मौनाला जागा आहे. मौन म्हणजे पुढच्याला विचारायची मुभा. ‘असे नाही’ या स्पष्ट नकाराच्या बाबतीत ती मुभा नाही. २०२० मध्ये डीएनएसच्या नियमांत एक भर पडली. ज्याच्या हद्दीतले नाव तो सर्व्हर गप्प असेल तर जपून ठेवलेले, मुदत संपलेले जुने उत्तर एक ते तीन दिवसांपर्यंत द्यायला हरकत नाही. तो बोलला आणि ‘आता ते नाही’ म्हणाला, तर जुने उत्तर टाकून द्यायचे. लिहिणाऱ्यांनी जैमिनी वाचला होता असे मी म्हणत नाही. प्रामाणिकपणे विचार करणारी माणसे एकाच जागी पोचतात, एवढे म्हणते.

पण क्रम लावला की आणखी एक प्रश्न उभा राहतो: यादीत कुणाला घालायचे? न्यायसूत्रांत शब्द हे प्रमाण मानले आहे, पण आप्ताचा शब्द. वात्स्यायनाने आप्त कोण ते स्पष्ट केले आहे. ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ऋषी, आर्य, म्लेच्छ, सगळ्यांना हे लक्षण सारखेच लागू, असेही तो म्हणतो. हे वाक्य लिहिणाऱ्या माणसाविषयी मला फार आदर आहे. जन्म, वेश, कीर्ती यातले काहीच त्याने विचारात घेतले नाही. बाहेरचा तो सार्वजनिक सर्व्हर रोज असंख्य लोकांना खरी उत्तरे देतो, खोटे बोलायचा त्याचा हेतू नाही. पण आमच्या घरातली वस्तू त्याने जाणलेली नाही, म्हणून त्या विषयापुरता तो आप्त नाही. जगभर विश्वासू असलेला एका घरापुरता अनधिकारी असू शकतो.

आता ‘तुला सांगणार नाही’ या उत्तराविषयी. इथे मला आमच्या जिल्ह्यातल्या जांबचे नाव घ्यायचे आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब समर्थ. १६०८ मध्ये रामनवमीला तिथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायणाचा, म्हणजे पुढे दासबोध सांगणाऱ्या समर्थांचा, जन्म झाला. समर्थ संप्रदायाची परंपरा सांगते की वडील गेल्यावर थोरले बंधू गंगाधरपंत, म्हणजे श्रेष्ठ, येणाऱ्यांना अनुग्रह देत. धाकट्या नारायणानेही मागितला. ते म्हणाले, तू अजून लहान आहेस. नारायण गावाबाहेरच्या मारुतीच्या देवळात जाऊन बसला आणि तिथे त्याला रामाचाच अनुग्रह झाला. ही कथा लहानपणापासून ऐकत आले, पण तिच्यातली एक गोष्ट मला हे काम करू लागल्यावर दिसली. श्रेष्ठांनी ‘मंत्र नाही’ असे म्हटले नव्हते. ‘तुला आत्ता नाही’ असे म्हटले होते. नारायणाने त्या दोहोंची गल्लत केली नाही. तो पुढे गेला. नाकारले गेल्यावर पुढच्याला विचारणे हा थोरल्याचा अनादर नव्हता, आणि परंपरेनेही तो तसा मानलेला नाही.

याच उत्तराचे दुसरे रूप फार कडू आहे. जालन्याहून देऊळगावराजाच्या वाटेने गेले की तासाभरात मेहुणाराजा येते. चोखोबांचे जन्मगाव म्हणून ते सांगितले जाते. चोखोबांना वयामुळे नाकारले गेले नव्हते, जातीमुळे नाकारले गेले. तो नकार देणाऱ्यांना तो द्यायचा कसलाही अधिकार नव्हता. पंढरपूरच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे, देवळाच्या बाहेर. ते दार दलितांसाठी उघडायला १९४७ चा मे महिना आणि साने गुरुजींचे उपोषण यावे लागले. इतकी शतके दाराने नाकारले. तरी चोखोबांनी दाराचा नकार विठ्ठलाचा नकार मानला नाही. दार म्हणते ‘तुला सांगणार नाही’, आणि ऐकणाऱ्याने ‘असे काही नाहीच’ ऐकावे, अशीच दार राखणाऱ्यांची इच्छा असते. चोखोबांनी ते तसे ऐकले नाही, म्हणून ते मला मोठे ज्ञानी वाटतात, नुसते भक्त नव्हे.

नारायण आणि चोखोबा यांनी आपल्याला मिळालेले उत्तर नेमके कोणते ते ओळखले. काकांनी काय करायला हवे होते? इथे प्रश्न अवघड होतो, आणि सोपा करून सांगायची माझी तयारी नाही.

‘नाही’ हे आपल्याला कळते तरी कसे? यावर आपल्या दर्शनांत मोठा वाद आहे. कुमारिल भट्ट आणि त्यांचे अनुयायी म्हणतात, अभाव कळायला अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण आहे. अद्वैतीही ते मानतात. नैयायिक म्हणतात, स्वतंत्र प्रमाण कशाला, प्रत्यक्षातच ते भागते. या वादातून एक अट मात्र पक्की झाली. वस्तू न दिसणे हा तिच्या नसण्याचा पुरावा तेव्हाच, जेव्हा ती असती तर दिसलीच असती. उजेडात जमिनीवर घडा दिसत नसेल तर घडा नाही. अंधारात दिसत नसेल तर काहीच सिद्ध होत नाही.

२०२२ मध्ये जांबच्या राममंदिरातल्या पंचधातूच्या मूर्ती चोरीला गेल्या. सगळा जिल्हा हळहळला. देव्हारा रिकामा होता आणि उजेडात रिकामा दिसत होता. मूर्ती तिथे नाहीत याबद्दल शंका उरली नव्हती. पण ‘तिथे नाहीत’ एवढेच त्यावरून कळत होते. त्या वितळवल्या गेल्या, संपल्या, असे म्हणायला काही आधार नव्हता. त्याच वर्षी पोलिसांनी त्या शोधून काढल्या. सर्व्हरच्या कामातही हा घोटाळा नेहमीचा आहे. संस्थेचे आतले आणि बाहेरचे नाव एकच ठेवले की आतला सर्व्हर त्या नावाचा सगळा अधिकार आपलाच समजतो. संस्थेचे संकेतस्थळ बाहेर व्यवस्थित चालू असते, पण त्याची नोंद आतल्याकडे नसली तर तो ठामपणे सांगतो, असे नाव नाही, आणि बाहेर विचारायला जातही नाही. ‘माझ्याकडे नाही’ याचे ‘नाही’ होते. आपल्या अनुभवाच्या हद्दीत देव सापडला नाही म्हणून देव नाही म्हणणारे, आणि आपल्या पंथाच्या हद्दीत मोक्ष सापडला म्हणून बाहेर कुठे नाही म्हणणारे, दोघेही त्या आतल्या सर्व्हरसारखेच बोलतात.

म्हणजे काकांना मी असे म्हणू शकते, की तुम्हाला मिळाले ते मौन होते, तुम्ही त्याचा नकार केलात. तर्काने हे बरोबर आहे. पण ‘असती तर दिसलीच असती’ ही अट दुसऱ्या बाजूनेही चालते आणि ती बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. काकांना लहानपणापासून जो गणपती सांगितला गेला तो हाकेला धावणारा. असा देव असता, तर एका बापाची हाक त्याने ऐकली असती आणि ऐकल्याचे काही कळलेही असते. जो बोलतोच असे सांगितले, त्याचे न बोलणे हा पुरावा ठरतो. उजेडातल्या घड्यासारखाच.

उदयनाचार्यांना ही अडचण पुरती कळली होती. न्यायकुसुमांजलीच्या तिसऱ्या स्तबकात त्यांनी तिला उत्तर दिले आहे. ईश्वर मुळात इंद्रियांना दिसण्याजोगा नाही. म्हणून तो दिसत नाही यावरून त्याचा अभाव सिद्ध होत नाही. उत्तर भक्कम आहे. उदयन वाद जिंकतात असे मला वाटते. पण त्यांनी जो ईश्वर वाचवला, तो काकांच्या अंगारकीचा गणपती नव्हे. काका रात्रभर चालले ते सांगण्यासाठी, ऐकले जावे म्हणून. ज्याच्याकडून कधी ओ येणे अपेक्षितच नाही, त्याच्यासाठी कुणी पायाला फोड येईपर्यंत चालत नाही.

यावर बराच विचार करून मी एका ठिकाणी आले आहे. काकांना मिळालेल्या मौनाने एक गोष्ट खोटी ठरवली, आणि ती गोष्ट देव नव्हे. देवाच्या वतीने दिले गेलेले आश्वासन खोटे ठरले. मुलगा आजारी होता तेव्हा लोक काकांना सांगत होते, ‘राजूरला चाला, गुण येणारच.’ ‘येणारच’ हे कुणी जाणले होते? वात्स्यायनाच्या कसोटीवर त्यातला एकही आप्त नव्हता. मुलगा गेल्यावर तीच माणसे दुखवट्याला आली आणि म्हणाली, देवाला आवडतो त्याला तो लवकर नेतो. कुणी म्हणाले, मागल्या जन्मीचे असणार. एकजण म्हणाला, तुमच्या चालण्यातच काही राहिले असेल. हा शेवटचा माणूस मला अजून आठवतो आणि अजून राग येतो. ज्या हद्दीतले त्यांना काही ठाऊक नव्हते, त्या हद्दीतून ही सगळी माणसे उत्तरे देत होती, क्षणात आणि खात्रीने, त्या बाहेरच्या सर्व्हरसारखी. देव गप्प होता. नकार माणसांनी दिला, आणि काकांनी तो जपून ठेवला.

जपून ठेवलेल्या नकारालाही मुदत असते. १९९८ मध्ये यासाठी वेगळा नियम झाला: ‘असे नाव नाही’ हे उत्तर एक ते तीन तास धरून ठेवावे, एका दिवसाहून अधिक धरले तर अडचणी येतात, आणि मुदत संपली की पुन्हा विचारावे. माणसाच्या दुःखाला तासांची मुदत लावता येत नाही हे मला कळते. पण मुदतच नसलेला नकार डीएनएसमध्येही कुणी मान्य केलेला नाही.

काकांना मी शेवटी काय म्हणाले ते सांगते. त्यांनी विचारल्यावर काही दिवसांनी त्यांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले, ‘काका, तुम्ही विचारलेलं मला माहीत नाही. तुम्हाला नाही म्हटलं ते कोणी म्हटलं, तेवढं मात्र एकदा आठवून बघा.’ ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘गणपती तर नव्हता म्हणला.’ पुढच्या अंगारकीला ते राजूरला गेले नाहीत आणि मी त्यांना जा म्हटलेले नाही. कार्यालयात देवाचा विषय निघाला तर आता ते एवढेच म्हणतात, ‘काही कळलं नाही बुवा.’ ‘नाहीच’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पुन्हा ऐकला नाही.

वाचकांना माझी एक विनंती आहे. आपल्या सगळ्यांकडे कुणी ना कुणी असा प्रश्न घेऊन येते. दवाखान्याच्या बाकावर, दुखवट्याच्या सतरंजीवर. सर्व्हरने पटकन ‘मला सांगता येत नाही’ म्हटले तर विचारणाऱ्याची पाच सेकंदे वाचतात आणि तो पुढच्याकडे जातो. त्याने चुकीचे ‘नाही’ सांगितले तर शोधच संपतो. म्हणून ज्याविषयी तुम्ही स्वतः काही जाणलेले नाही, त्याविषयी देवाच्या वतीने होय म्हणू नका आणि नाही म्हणू नका. माहीत नाही, असे म्हणा, आणि तेही लवकर म्हणा. त्या माणसाला अजून पुढे कुणाला तरी विचारायचे असते.